सुपरहिरोईनचं कॉमिक काढताय? मग ती कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

चॅनलवर आपण पापड-मसाले झाले, टेलरिंग झालं, झेरॉक्सचं दुकान झालं. आजचा विषय जरा हटके आहे. कॉमिक्स. त्यातही बाई हिरो असलेली कॉमिक्स, आणि ती स्वतःच्या खिशातून छापून स्वतःच विकणारी माणसं. "मॅडम, हा काय धंदा आहे का?" असं म्हणू नका, थोडं वाचा.

विषय का घेतला ते सांगते. हिंगणघाट तालुक्यातल्या एका ताईचा मेसेज आला. वय २२, चित्रं छान काढते. तिने एक नायिका तयार केली आहे. ती दिवसा जिनिंगमध्ये कामाला जाते आणि रात्री गावातल्या अवैध दारूवाल्यांच्या मागे लागते. आठ पानं मोबाईलवर टाकली, लोकांनी पुढे पाठवली आणि एका ॲप कंपनीचा फोन आला. २५,००० रुपये देतो म्हणाले. करारात एक ओळ होती: पात्राचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी. घरी यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, बी.एड.ची फी भरायची आहे. प्रश्न एवढाच, "मॅडम, सही करू का?"

२५,००० रुपये ही थट्टेची रक्कम नाही, राजेहो. म्हणून "नको करू" असं मी लगेच सांगितलं नाही. आधी तिला एक जुना किस्सा सांगितला, तो तुम्हालाही सांगते.

१३० डॉलरची सही

अमेरिकेत जेरी सिगेल आणि जो शुस्टर नावाचे दोन मित्र होते. एक लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. १९३८ च्या मार्चमध्ये दोघांनी आपलं पात्र प्रकाशकाला विकलं. मिळाले १३० डॉलर, त्यात पहिल्या गोष्टीची १३ पानं आणि पात्राचे सगळे हक्क. दोघांचंही वय तेव्हा २३. ते पात्र म्हणजे सुपरमॅन.

पुढे सुपरमॅनचे सिनेमे, खेळणी, टी-शर्ट, सगळं झालं. हे दोघे मात्र कोर्टात भांडत राहिले. म्हातारपणी हलाखी आली, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा १९७५ साली कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलरची पेन्शन दिली आणि त्यांचं नाव पुन्हा छापायला सुरुवात केली.

लक्षात घ्या, प्रकाशकाने चोरी केली नव्हती. सही दोघांनीच केली होती. पात्र पुढे किती मोठं होईल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, प्रकाशकालाही नाही. म्हणून या धंद्यात प्रश्न "आज किती मिळतात?" एवढाच नसतो. "हे पात्र उद्या मोठं झालं तर ते कोणाचं?" हा प्रश्न त्याच दिवशी विचारावा लागतो.

मुंबईची मावशी

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. मुंबईचे चित्रकार अभिजीत किणी. 'टिंकल' वाचत असाल तर त्यांची चित्रं तुमच्या नजरेखालून गेलीच असतील. टिंकलचं काम करता करता त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभा केला आणि २०१२ साली मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये स्वतःचं पात्र आणलं: 'अँग्री मावशी'. नऊवारी नेसलेली, डोकं फिरलेली मुंबईची मावशी. भ्रष्ट पुढारी आणि शहरातली सडकी व्यवस्था यांची ती खबर घेते. कॉमिकची भाषा इंग्रजी, पण ठसका अस्सल मुंबईचा.

धंद्याच्या नजरेने बघा, इथे काय काय बरोबर झालं आहे.

पहिलं म्हणजे पात्र. परदेशी सुपरहिरोईनची नक्कल करून उडणारा झगा चढवला असता तर तिच्याकडे कुणी वळून बघितलं नसतं. तसली चित्रं बाजारात ढिगाने आहेत, आणि त्यामागे कोट्यवधींची जाहिरात आहे. तिथे आपण टिकणारच नाही. पण नऊवारीतली रागावलेली मावशी? स्टॉलसमोरून जाणारा माणूस दहा फुटांवरून ओळखतो. प्रत्येकाच्या घरी एक मावशी आहे, आणि ती केव्हा ना केव्हा भडकलेली त्याने बघितली आहे. ओळख करून द्यायचा खर्चच वाचला. आमच्या बीबीएच्या पुस्तकात याला मोठं इंग्रजी नाव होतं. मी सोपं सांगते: गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागलं तर पात्र अजून कच्चं आहे.

दुसरं, चालू काम सोडलं नाही. घरचा चहा-साखरेचा खर्च दुसऱ्या कामातून निघत होता, म्हणून स्वतःच्या पात्राला वेळ देता आला. आपल्याकडे उलटं होतं. पोरं नोकरी सोडतात आणि मग तिसऱ्याच महिन्यात पात्र विकायला काढतात.

तिसरं, स्टॉलवर नुसतं कॉमिक नाही. चुंबकं, स्टिकर, मग, टी-शर्ट असा मालही असतो. हा शोभेचा भाग नाही, खरा गल्ला तिथे आहे. हिशोब पुढे मांडते.

अशी जागा आधी नव्हती, हेही सांगायला हवं. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली, मराठीतही यायची. तुमच्या वडिलांना विचारा, वेताळ आठवेल. पण त्यामागे टाइम्ससारख्या मोठ्या वर्तमानपत्र कंपनीचं जाळं होतं. एकट्या माणसाला स्टेशनच्या स्टॉलपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिली कॉमिक कॉन झाली, मग मुंबई, बंगळुरू. तिथे टेबल भाड्याने घ्या, माल मांडा, गिऱ्हाइकाशी स्वतः बोला. मधला माणूस गेला.

वाघावर बसलेली प्रिया

दुसरा रस्ता वेगळा आहे. 'प्रियाज शक्ती' हे कॉमिक डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या कॉमिक कॉनला आलं. प्रिया अत्याचारातून उभी राहिलेली खेड्यातली मुलगी आहे आणि ती वाघावर बसते. राम देविनेनी या फिल्ममेकरला डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतरच्या आंदोलनातून ही कल्पना सुचली. पुढच्या भागांत ॲसिड हल्ल्याचा विषय आला, मुलींच्या तस्करीचा आला. पान मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की चित्र हलतं, अशी सोय केली होती. धारावीत भिंतींवर तशी चित्रंसुद्धा रंगवली.

पण हे कॉमिक फुकट आहे, कुणीही डाउनलोड करू शकतं. खर्च अनुदानातून निघाला. म्हणजे तुमची नायिका शाळेत, आरोग्याच्या कामात, बचत गटात उपयोगी पडणारी असेल तर गिऱ्हाईक वाचक नसतो, संस्था असते. मासिक पाळी, व्यसनमुक्ती, शेतीतली फवारणी, अशा विषयांवर ८ पानं काढून देण्याचं काम जिल्ह्यातल्या संस्थांकडून मिळू शकतं. त्यात नाव होतं, थोडे पैसेही होतात. फक्त काम घेताना ठरवून घ्या: ही ८ पानं तुमची, नायिका माझी.

परदेशातली दोन उदाहरणं पटकन. फ्लोरिडात बिल ब्लॅक यांच्या छोट्या कंपनीने १९८५ साली 'फेमफोर्स' नावाचं कॉमिक चालू केलं. नायिकांचीच टोळी. मोठ्या कंपन्यांच्या सावलीत ते कित्येक दशकं टिकलं. पुढे रंग सोडून काळ्या-पांढऱ्यात छापलं, पण नेमाने काढलं. दुसरं, १९८४ साली दोन मित्रांनी टॅक्सचा परतावा आणि काकाकडून उसने पैसे घेऊन सुमारे ३,००० प्रती छापल्या, आतून काळ्या-पांढऱ्या. कंपनीचं नाव ठेवलं 'मिराज', म्हणजे मृगजळ, कारण स्टुडिओ असा नव्हताच! ते होते निन्जा टर्टल्स. त्यात नायिका नव्हती, कासवं होती, पण हक्क त्यांचे स्वतःचे होते. म्हणून पुढे कार्टून आणि खेळण्यांचा पैसा त्यांच्या घरी आला. १३० डॉलरवाल्या दोघांशी ताडून बघा.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या प्रेसचं कोटेशन घेऊन स्वतःचे टाका.

समजा २४ पानं आणि वरून कव्हर, आत काळं-पांढरं. पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत बसतात. २२ पानांची गोष्ट लिहिली तर दोन पानं कोरी जातील आणि त्याचेही पैसे लागतील. ३०० प्रती, एका प्रतीला ३२ रुपये. झाले ९,६००. नागपूरला जाणं-येणं, टेबलाचं भाडं, पिशव्या मिळून २,४००. एकूण १२,०००. किंमत ठेवली ८० रुपये.

३० प्रती ओळखीत, पत्रकारांना, शाळांना फुकट जातील. त्या जातातच, रडू नका. १०० प्रती तुम्ही हाताने विकल्या, ८,००० आले. १०० दुकानांतून गेल्या. दुकानदार ४० टक्के कापून घेतो असं धरा, म्हणजे प्रतीमागे ४८ आणि एकूण ४,८००. बेरीज १२,८००. हातात राहिले ८०० रुपये, आणि पलंगाखाली ७० प्रती. तीन महिने बसून चित्रं काढली त्याची मजुरी धरलेलीच नाही.

आता त्याच टेबलावर त्याच नायिकेचे १०० स्टिकर शीट ठेवा. १२ ला पडलं, ३० ला विकलं, १,८०० सुटले. २० मग, १२० ला पडला, २५० ला गेला, २,६०० सुटले. दोन्ही मिळून ४,४००. कॉमिकच्या साडेपाचपट. पण मग कुणी का घेतला? कॉमिक वाचून नायिका आवडली म्हणून. कोऱ्या मगवर १३० रुपये सुटत नाहीत.

म्हणूनच तर म्हणते, कागदावर कमाई नाही, पात्रावर आहे. कागद विका, पात्र राखा. हिशोबात एक बारीक गोष्ट: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण मग, टी-शर्ट, स्टिकरवर आहे. बिलं वेगळी ठेवा आणि सीएला आधीच विचारा.

पहिल्या अंकासाठी कर्ज नको. शिशु मुद्रात ५०,००० पर्यंत मिळतात, खरं आहे. पण ज्या पात्राला अजून ५० लोकांनी बघितलं नाही त्याच्यावर हप्ता कशाला? आधी झेरॉक्स. दोन ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापायचे, मधून दुमडायचे, दोन पिना. झालं ८ पानांचं पुस्तक. माझ्या दुकानात अशा ५० प्रती अर्ध्या तासात निघतात. आणि हे काही कमी प्रतीचं काम नाही बरं का. शरद शर्मा यांची वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था गावोगावच्या साध्या लोकांकडून चार चौकटींची कॉमिक्स काढून घेते, झेरॉक्स करून भिंतीवर लावते. कधी पेन्सिल न धरलेल्या बायकांनी अशी कॉमिक्स केली आहेत.

५० प्रती २० रुपयांना विका. फुकट नाही, विकाच. मग महिनाभर मोजा की "पुढचा भाग कधी?" असं किती जणांनी स्वतःहून विचारलं. "छान आहे" मोजायचं नाही. छान तर सगळेच म्हणतात.

सहीच्या आधी

हा भाग शांतपणे वाचा. मी वकील नाही, मोठा करार असेल तर वकिलाला ५००-१,००० देऊन दाखवाच. पण निदान काय विचारायचं ते माहीत पाहिजे.

तुम्ही चित्र काढलं, गोष्ट लिहिली, की कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं चालतो. नोंदणी केली तर पुराव्याला बरं. साहित्य किंवा चित्रासाठी साधारण ५०० रुपये फी आहे. पण नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून काढलं तर हक्क मालकाचा असतो. वेगळं काही ठरवलं नसेल तर.

हक्क विकायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच होतात. फोनवर "हो" म्हटल्याने जात नाहीत. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, तेही करारात उलट लिहिलं नसेल तर. कायदा आपल्या बाजूने बराच आहे. म्हणून तर कंपन्या 'कायमस्वरूपी', 'सर्व माध्यमे', 'जगभर' असे शब्द घालतात. ते तीन शब्द आले की यातली बरीच कवचं निघून जातात. एक मात्र राहतं: निर्माती म्हणून स्वतःचं नाव सांगण्याचा हक्क विकल्यावरही तुमचाच.

आता नाव. कॉपीराइट नुसत्या नावाला किंवा कल्पनेला मिळत नाही, त्यासाठी ट्रेडमार्क. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये. छापील मालाचा वर्ग १६, कपड्यांचा २५. पहिल्या दिवशी घाई नको. ८ पानांची झेरॉक्स चालली, पहिला छापील अंक गेला, मग करा.

हिरकणी किंवा झाशीच्या राणीवर कॉमिक काढायचं म्हणणारेही भेटतात. काढा जरूर. पण हिरकणी तुमच्या एकट्याची नाही. उद्या दुसरा कुणी तिचं कॉमिक काढेल आणि तुम्ही अडवू शकणार नाही. तुमची राहतील ती तुमची चित्रं आणि तुमचे शब्द.

आणि मैत्रिणीसोबत काम करत असाल, एक लिहिते, एक काढते, तर चहा गरम आहे तोवर कागदावर लिहून घ्या. कोणाचा किती वाटा, एकीने सोडलं तर नायिका कोणाकडे, मग-टी-शर्टचे पैसे कसे वाटायचे. भांडण झाल्यावर हे लिहिता येत नाही.

त्या ताईला मी काय सांगितलं? पैशांची गरज खरी आहे, म्हणून दार बंद करू नको. कंपनीला उलट प्रस्ताव पाठव: ही ८ पानं आणि पुढची १६ पानं, फक्त ॲपवर, मराठी आणि हिंदीत, २ वर्षांसाठी. छापील पुस्तक, माल, सिनेमा, नायिकेचं नाव माझ्याकडे. २५ च्या जागी १२-१५ हजार म्हणाले तरी विचार करण्यासारखं आहे. कंपनीने "कळवतो" म्हटलंय. तिने अजून सही केलेली नाही. फीची तारीख जवळ येतेय, हे मला माहीत आहे. म्हणून फीसाठी कॉलेजला हप्ते पाडून मागायचा अर्जही आम्ही त्याच दिवशी लिहिला.

विकायचं कुठे

"मॅडम, वर्ध्यात कोण घेणार?" असं विचारू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वं साहित्य संमेलन आपल्याच गावात झालं, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही झालं. पुस्तकांच्या स्टॉलवर आपल्याच जिल्ह्यातली माणसं फिरत होती. पवनारला १९५९ साली सुरू झालेल्या विनोबांच्या ब्रह्मविद्या मंदिरात बहिणींनी मिळून प्रकाशनाचं काम आणि 'मैत्री' मासिक चालवलं. बायकांनी चालवलेलं छोटं प्रकाशन आपल्याला नवीन नाही.

आणि खरी शाळा बघायची तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जा. लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तक घेऊन जातात. लेखक स्वतः स्वतःची पुस्तिका मांडून बसलेला असतो. किंमत परवडणारी, विषय आपला, बोलणं समोरासमोर. तिथे काहीही घेऊन जाऊ नका, त्या दिवसाचा मान ठेवा. पण सावित्रीबाईंवर, रमाईंवर मनापासून केलेलं चित्ररूप पुस्तक तिथे वाचक शोधतं. जोतिबा-सावित्रीबाईंवर 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे इंग्रजी चित्ररूप पुस्तक २०११ मध्ये 'नवयान' या छोट्या प्रकाशनाने काढलं होतं. मराठीत या जागेवर अजून भरपूर मोकळं मैदान आहे.

बाकी शाळांचं स्नेहसंमेलन, ३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती, बचत गटांची प्रदर्शनं. पहिल्या वर्षी एवढं पुरे. मुंबई कॉमिक कॉन दुसऱ्या वर्षी, दोन अंक आणि थोडा माल हातात असेल तेव्हा. एका अंकासाठी तिकीट, राहणं, टेबल असा खर्च परवडत नाही.

छापील अंक काढाल तेव्हा दोन कामं विसरू नका. आयएसबीएन नंबर सरकारकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. कुणी त्याचे दोन-तीन हजार मागितले तर समजून जा. वेळ लागतो, म्हणून छपाईच्या दोन महिने आधी अर्ज टाका. आणि १९५४ चा एक कायदा आहे, प्रकाशकाने पुस्तक आल्यावर ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची. ३०० मधल्या या ४ प्रती हिशोबात आधीच बाजूला काढा.

८ पानांची घडी घालताना पानांचा क्रम हमखास उलटा होतो. पहिल्या पानासमोर आठवं, दुसऱ्यासमोर सातवं कसं येतं ते पुढच्या व्हिडिओत हाताने करून दाखवते. बघताना दोन कोरे ए-फोर कागद आणि स्टेपलर जवळ घेऊन बसा.